निदानाला शिस्त देणारे विकृतिशास्त्रज्ञ : डॉ. वसंत रामजी खानोलकर

कर्करोगाच्या उपचारात शल्यविशारदाची शस्त्रक्रिया, औषधयोजना आणि किरणोपचार या तिन्हींना एका निर्णयाची वाट पाहावी लागते. शरीरात वाढलेली गाठ नेमकी कसली आहे, हे प्रथम ठरावे लागते. तो निर्णय देणारा वैद्य बहुधा रुग्णाला कधी भेटतही नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसून तो ऊतीचा पातळ काप तपासतो आणि चार ओळींचा अहवाल लिहितो. त्या चार ओळींवर एखाद्याचे फुप्फुस काढायचे की ठेवायचे, हे अवलंबून असते. भारतात या कामाला शास्त्राची शिस्त आणि संशोधनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो, तो याच कार्यामुळे.

निदानातील नेमकेपणाचे मोल दुर्मीळ रोगांच्या बाबतीत विशेष जाणवते. फुप्फुसातील सार्कोमा हे त्याचे ठळक उदाहरण होय. फुप्फुसाचा कर्करोग म्हणून सामान्यतः ओळखला जातो तो कार्सिनोमा. तो श्वासमार्गाच्या अस्तराच्या पेशींतून उद्भवतो. सार्कोमा मात्र स्नायू, रक्तवाहिन्या, तंतुमय ऊती अशा आधार देणाऱ्या घटकांशी नाते सांगतो. फुप्फुसातच उगम पावलेला सार्कोमा फुप्फुसाच्या घातक अर्बुदांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळतो. फुप्फुसात दिसणारा बहुतेक सार्कोमा हातपाय, हाडे, गर्भाशय किंवा उदराचा मागील भाग येथून रक्तावाटे तेथे पोहोचलेला असतो. त्यामुळे अशी गाठ आढळली की ती मूळची तेथलीच आहे की पाहुणी आहे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. त्यातच काही कार्सिनोमांच्या पेशी लांबट, चातीसारखा आकार धारण करून हुबेहूब सार्कोमाचे रूप घेतात. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात क्ष-किरण चित्रातील सावलीला क्षय समजून काही महिने औषध देण्याची चूकही घडू शकते. नाव चुकले की उपचार चुकतो. खानोलकरांनी आपले सारे आयुष्य हे नाव अचूक ठरविण्याच्या विद्येला वाहिले.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. खानोलकर हे आडनाव कोकणात वेंगुर्ले तालुक्यात असलेल्या खानोली या गावाशी नाते सांगणारे आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी परदेशातून परतणारा बुद्धिमान डॉक्टर शल्यकर्म किंवा औषधोपचार यांची वाट धरीत असे. व्यवसायाची भरभराट आणि समाजातील मान तेथेच होता. विकृतिशास्त्र म्हणजे शवविच्छेदनगृह, फॉर्मेलिनचा उग्र दर्प आणि काचपट्ट्यांचे ढीग. खानोलकरांनी मात्र तीच वाट निवडली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्यानंतर परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेले हे दुसरे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते आणि त्यामागे एक राष्ट्रीय जिद्द होती. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदे तेव्हा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. परळच्या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी मात्र तेथील अध्यापक भारतीय असावेत, अशी अट घातली होती. भारतीय डॉक्टर उच्च दर्जाचे शिक्षण आणि संशोधन स्वतःच्या बळावर उभे करू शकतात, हे तेथे सिद्ध करावयाचे होते. ती जबाबदारी पेलणाऱ्या पिढीत खानोलकर होते.

त्या काळात भारतातील कर्करोगाविषयी एक समज खोलवर रुजलेला होता. कर्करोग हा पाश्चात्त्य, सुधारलेल्या जीवनपद्धतीचा रोग असून भारतीयांत तो विरळा, असे अनेक युरोपीय डॉक्टर मानीत. या समजाला शास्त्रीय आधार फारसा नव्हता. रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नव्हते, पोहोचले तरी गाठीचा तुकडा तपासला जात नव्हता आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन क्वचितच होत असे. जे शोधलेच नाही ते नाही, असा निष्कर्ष काढला जात होता. विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी १९३० च्या दशकात देशभरातील रुग्णालयांच्या नोंदी अभ्यासून या समजाला धक्का दिला. खानोलकरांनी त्यापुढचे पाऊल टाकले. कोणता कर्करोग, कोणत्या अवयवाचा, कोणत्या समाजात आणि कोणत्या सवयीमुळे, असे प्रश्न त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने विचारले.

या प्रश्नांना योग्य जागा मिळाली ती टाटा स्मारक रुग्णालयात. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात कर्करोगाच्या उपचाराची सोय व्हावी, ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले, परंतु त्यांच्या विश्वस्त संस्थेने हे काम तडीस नेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे ८० खाटांचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. एकाच छताखाली कर्करोगाचे रुग्ण, त्यांच्या ऊतींचे नमुने आणि पद्धतशीर नोंदी उपलब्ध होणे ही देशात अपूर्व गोष्ट होती.

या नोंदींचे फळ लवकरच दिसले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या क्रमाने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा एका अमेरिकी संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. क्रमाने आलेले रुग्ण घेण्यात मोठा अर्थ होता. निवडक, लक्षवेधी उदाहरणे घेतली की चित्र विपर्यस्त होते. दारात येणारा प्रत्येक रुग्ण मोजला तरच प्रमाण कळते. गालाचा आतील भाग, जीभ, हिरडी, टाळू या प्रत्येक जागेचा रोग वेगळा नोंदवल्यामुळे तंबाखू, चुना, सुपारी यांच्या सेवनाच्या पद्धती आणि रोगाची जागा यांतील संबंध पुढे येऊ लागला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन केले. तंबाखू आणि चुना मळून ती गोळी खालच्या ओठामागे दाबून ठेवण्याच्या सवयीतून होणारा खैनीचा कर्करोग हा त्यांतील एक. चुट्टा नावाच्या जाड विडीचे जळते टोक तोंडात ठेवून ओढण्याची प्रथा आंध्रच्या किनारपट्टीवर होती. तिच्यातून टाळूचा कर्करोग उद्भवत असे. तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाने त्वचा घासली जाऊन तेथे व्रण आणि कालांतराने कर्करोग होऊ शकतो, हे या अभ्यासाने दाखविले. काश्मिरात पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीच्या उष्णतेने होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होता. त्याच रांगेत हे नवे प्रकार येऊन बसले.

या शोधाचा अर्थ दूरगामी होता. रोग दैवाने येतो, कुळातून येतो किंवा गेल्या जन्मीच्या पापातून येतो, असे मानणाऱ्या समाजाला त्यातून वेगळे उत्तर मिळाले. ज्या रोगाचे मूळ सवयीत आहे तो सवय बदलून टाळता येतो. पुढे एल. डी. संघवी आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर त्यांनी धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांचा मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला. हा अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते पाश्चात्त्य देशांत त्याच सुमारास सिद्ध होत होते. भारतात या विषाचा मोठा घाव तोंडावर बसत आहे, हे मुंबईच्या संशोधकांनी दाखवून दिले.

संघवी यांच्यासह खानोलकरांनी मुंबईतील आपापसातच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांचा आनुवंशिक अभ्यासही केला. रक्तगटांसह सात गुणधर्मांची त्यांनी तुलना केली आणि १९४९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. विवाहाची वर्तुळे इतकी काटेकोर असलेला देश आनुवंशिकतेच्या अभ्यासकासाठी जणू खुली प्रयोगशाळा होता. ज्या काळात जातीच्या श्रेष्ठत्वाचे दावे रक्ताच्या नावाने केले जात, त्या काळात त्यांनी रक्त हे मोजण्याचा विषय मानले, अभिमानाचा नव्हे.

स्वतंत्र भारतात संशोधनासाठी वेगळ्या संस्थेची गरज होती. १९५२ मध्ये परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरची स्थापना झाली आणि खानोलकर तिचे पहिले संचालक झाले. रुग्णालयाशेजारी मूलभूत संशोधन ही त्यांची कल्पना होती. रुग्णाच्या खाटेपाशी उद्भवलेला प्रश्न प्रयोगशाळेत जावा आणि तेथील उत्तर पुन्हा खाटेपाशी यावे, असा त्यामागे हेतू होता. तेथे त्यांनी विकृतिशास्त्राच्या पलीकडचे अभ्यासक जमविले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईत येऊन ते रुजविले. डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू केला. स्त्रियांना प्रयोगशाळेत बरोबरीचे स्थान देणारे संचालक तेव्हा मोजके होते. पुढे भारतीय विज्ञानात नाव मिळविणाऱ्या या दोघी खानोलकरांच्या प्रयोगशाळेत घडल्या.

शिरसाट यांच्यासह त्यांनी तोंडाच्या अस्तराखालील ऊती ताठर होऊन तोंड उघडणे अवघड होणाऱ्या विकाराचा शोध घेतला. लाल मिरचीतील कॅप्सायसिन हा तिखट घटक उंदरांच्या टाळूला लावून त्यांनी १९६० मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढील संशोधनाने या विकाराचे मुख्य कारण सुपारी असल्याचे निश्चित केले. तरी ज्या विकाराकडे वैद्यक दुर्लक्ष करीत होते, त्याला प्रयोगाच्या कक्षेत आणण्याचे काम या जोडीने केले.

कुष्ठरोग हा खानोलकरांच्या आस्थेचा दुसरा विषय होता. या रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचे त्यांनी बारकाईने परीक्षण केले. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंच्या टोकांपाशी प्रथम आसरा घेतात आणि तेथून मज्जातंतूंवाटे सरकतात, अशी मांडणी त्यांनी केली. त्वचेचा रोग म्हणून पाहिल्या जाणाऱ्या या व्याधीचे मज्जातंतूंशी असलेले मूलगामी नाते त्यामुळे ठळक झाले. हातापायांची संवेदना जाण्यामागील कारण समजणे हे अपंगत्व टाळण्याच्या दिशेने आवश्यक पाऊल होते.

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचे आव्हान नॉर्वेच्या हान्सेन यांनी तो १८७३ मध्ये शोधल्यापासून अनुत्तरित होते. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू संवर्धित केल्याचे जाहीर केले. तो संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला जातो. हा जंतू म्हणजेच कुष्ठरोगाचा जंतू होय, हे जागतिक संशोधकांनी मान्य केले नाही. आज तो त्याच कुळातील एका निराळ्या गटात गणला जातो. तरीही त्याच्यापासून पुढे लस तयार करण्यात आली आणि दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत तिने लक्षणीय संरक्षण दिले. अपेक्षित उत्तर मिळाले नाही, पण हाती आलेले वाया गेले नाही. संशोधनाच्या वाटेवर असे अनेकदा घडते.

अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे साऱ्या जगाला किरणोत्साराची चिंता लागली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये त्याच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी वैज्ञानिक समिती नेमली. तीत भारताचे प्रतिनिधित्व खानोलकरांनी केले. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूमुळे तेथील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या अधिक किरणोत्सारात राहत असल्याने भारताचा अनुभव या चर्चेत महत्त्वाचा होता. देशातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले, तर १९६६ मध्ये दोन्ही मिळून टाटा स्मारक केंद्र साकारले. उपचार आणि संशोधन यांची जी सांगड खानोलकरांनी घातली होती, तिला अशा रीतीने कायम रूप मिळाले.

खानोलकरांच्या काळात फुप्फुसातील दुर्मीळ गाठीचे निदान करणाऱ्याकडे साधने मोजकी होती. फॉर्मेलिनमध्ये टिकविलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमने केसाहून पातळ काप काढायचे आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी ते रंगवायचे. शंका उरली तर चांदीच्या क्षारांनी सूक्ष्म तंतूंचे जाळे रंगविले जाई. कार्सिनोमात हे तंतू पेशींच्या पुंजक्याभोवती कुंपण घालतात, तर सार्कोमात ते एकेका पेशीला वेढतात. या एवढ्याशा फरकावर मोठे निर्णय उभे राहत. ऊतिसंवर्धन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांचा उपयोग पेशींचे कूळ ओळखण्यासाठी जगातील काही केंद्रांत सुरू झाला होता. ही दोन्ही तंत्रे खानोलकरांनी मुंबईत आणली, हे त्यांच्या दूरदृष्टीचे द्योतक होय.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे तयार करण्याची रीत शोधली आणि त्यानंतर पेशीतील विशिष्ट प्रथिने रंगवून दाखविणाऱ्या चाचण्या रूढ झाल्या. केराटिन हे प्रथिन ठळकपणे आढळले तर सार्कोमासारख्या दिसणाऱ्या गाठीचे खरे रूप कार्सिनोमा असण्याची शक्यता वाढते. परंतु येथेही सापळा आहे. सायनोव्हियल सार्कोमा हा प्रकार स्वतःही थोडेफार केराटिन दाखवितो. मांडी-गुडघ्याच्या परिसरात प्रामुख्याने आढळणारा हा रोग फुप्फुसातही मूळ धरू शकतो, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ रुग्णांच्या अभ्यासाने ठळकपणे मांडले. एक्स आणि अठराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल ही त्याची खूण असते. ती जनुकीय चाचणीत सापडली की संशय फिटतो. अर्थात अशी चाचणी कोणती करावी, हे सुचते ते प्रथम काचपट्टी नीट पाहणाऱ्यालाच.

म्हणूनच खानोलकरांनी घालून दिलेली शिस्त महानगरांपुरती राहून चालत नाही. छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलाद कारखान्यामुळे वसले. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार तेथे आले. अशा शहरातील एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसात अनोळखी गाठ आढळली, तर स्थानिक विकृतिशास्त्रज्ञाला आपल्या शंकेची जाणीव होणे आणि त्याने मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी अनुभवी केंद्राकडे पाठविणे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. रुग्णाने हावडा–मुंबई लोहमार्गाने शेकडो कोस प्रवास करण्यापूर्वी त्याच्या गाठीचा तुकडा प्रवास करू शकतो. २०१२ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने आकारास आलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमागे असे सहकार्य देशभर विणण्याचाच हेतू आहे. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही आपल्या बायोप्सीचे ठोकळे, काचपट्ट्या आणि अहवाल जपून ठेवावेत, ते मागून घेण्याचा संकोच करू नये. दुसरे मत मागणे हा पहिल्या डॉक्टरवरील अविश्वास नसून चांगल्या निदानाचाच भाग आहे.

डॉ. खानोलकर यांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. शंभराहून अधिक शोधनिबंध, कर्करोग व कुष्ठरोगावरील ग्रंथ आणि विद्यार्थ्यांची एक समर्थ पिढी त्यांनी मागे ठेवली. ज्या तंबाखूच्या सवयींकडे त्यांनी १९४० च्या दशकात बोट दाखविले, त्या अद्याप देशातून गेलेल्या नाहीत आणि मुखकर्करोग आजही भारतीय पुरुषांतील प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचा वारसा सांगणारे संशोधन केंद्र आता नवी मुंबईतील खारघर येथे आहे. तेथील संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. तेथे आजही ऊतींचे काप काढले जातात, ते रंगविले जातात आणि अहवाल लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहिले जातात.